तांब्याच्या कडीचा रुपया

नाणं खर्च करण्यासाठी असतं, हे आपल्याला लहानपणीच कळतं. पण काही नाण्यांना कुणीतरी कडी जोडतं, दोऱ्यात ओवतं, आणि त्या दिवसापासून ती बाजारातून उठतात. आज अशाच एका रुपयाविषयी बोलायचं आहे.

अजिंठ्याच्या रस्त्यावर, फुलंब्रीला आमची थोडीशी शेती आहे. काही वर्षांपूर्वी अद्रकीसाठी वाफे तयार करत होतो. कामावरच्या एका बाईला मातीत काळी चकती दिसली. बाटलीचं झाकण समजून ती फेकणारच होती. मी घरी आणून चिंचेनं घासली, तर खालून चारमिनार उजळला. निजामाचा रुपया. वरच्या काठाला एक हिरवी पडलेली कडी होती.

शेजारच्या शेतातला मुलगा धावत आला. म्हणाला, "चाचा, एक सापडला म्हणजे खाली हंडा असणार! मेटल डिटेक्टर भाड्यानं मिळतो. रात्रीतून सगळं रान बघून टाकू." खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात क्षणभर हंडा खणखणला. त्या साली अद्रकीचे भाव पडले होते आणि डोक्यावर देणं होतं.

तेवढ्यात अम्मीनं रुपया हातात घेतला. नजर अधू झालेली, म्हणून तिनं बोटानं कडी चाचपली. म्हणाली, "तांबे की कडी है. येच है वो. तेरी दादी का."

दादांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, लग्नानंतर दर सुगीला एक रुपया बाजूला काढायचा, सराफाकडून त्याला चांदीची कडी लावून घ्यायची आणि दादीला द्यायचा, असा नेम धरला होता. पटवेकऱ्यानं ते रुपये रेशमी दोऱ्यात ओवले. दहा सुग्यांचे दहा रुपये झाले. अकराव्या साली पीक बुडालं. रुपया कसाबसा उरला, पण चांदीच्या कडीचे पैसे नव्हते. गावात आलेल्या कल्हईवाल्याकडून दादांनी तांब्याची कडी लावून घेतली. दादी म्हणायची, दहा रुपये सुगीचे आहेत, हा एक त्यांचा आहे. आणि नेमका तोच ज्वारी काढताना शेतात पडला. तीन दिवस ती माती चाळत होती.

तो काळ हाली शिक्क्याचा. आमचा मुलूख निजामाच्या राज्यात, त्यामुळे नाणंही वेगळं. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. चारमिनारचं चित्र रुपयावर आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात. पुढे १९११ साली उस्मान अली खान गादीवर आले, तेव्हा चारमिनारच्या कमानीत त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर, 'ऐन', आलं. वजन अकरा ग्रॅमच्या थोडं वर, आणि शंभरात सुमारे ८२ भाग चांदी. म्हणजे दादा देत होते ते राज्याचं नाणं, पण कडी लागली की त्यावरचा निजामाचा हक्क संपायचा आणि दादीचा सुरू व्हायचा.

हे काही आमच्याच घरात घडलं नाही. चवल्या-पावल्यांच्या माळा तुमच्याही आजीच्या गळ्यात असतील. बंजारा बायांच्या अंगावरची नाणी आपण पाहिली आहेत. आणि आपली मानाची पुतळ्यांची माळ? ती पुतळी मुळात व्हेनिस शहराची सोन्याची मोहोर. तिच्यावर तिथला राज्यप्रमुख एका संतापुढे गुडघे टेकून बसलेला असे. व्यापाराबरोबर ती इकडे आली. आपल्या माणसांना त्यात नुसत्या पुतळ्या दिसल्या, आणि परक्या देशाचा पैसा आपल्या सुनेचा दागिना झाला.

दूर इंग्लंडातही असंच होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथले तरुण चांदीचं सहा पेन्सचं नाणं दोन्ही कडांनी उलटसुलट वाकवून आवडत्या मुलीला देत. तिनं ठेवलं तर होकार, फेकलं तर नकार, असं म्हणतात. आज तिथले हौशी लोक यंत्र घेऊन शेतं धुंडाळतात, तेव्हा अशी वाकडी नाणी सापडतात. १७८८ ते १८६८ या काळात इंग्रज सरकारनं हजारो कैदी ऑस्ट्रेलियाला धाडले. जाण्याआधी कित्येकांनी तांब्याची पेनी घासून गुळगुळीत केली, तिच्यावर नाव आणि निरोप कोरून मागे राहणाऱ्यांना दिली. कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा तीनशेहून अधिक पेन्या आहेत.

शेतातलं वाकडं नाणं हा कुणाचा नकार, की दोरा तुटून हरवलेला होकार, हे यंत्राला कसं कळणार? यंत्र धातूपाशी वाजतं, एवढंच.

त्या मुलाला मी खाली बसवलं. सांगितलं, आपल्याकडे १८७८ सालापासून गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं काहीही सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. रात्रीतून रान उकरणं हे आपलं काम नाही. आणि हंडा इथं नाहीच बाबा. हंडा होता, तो १९७२ साली गेला.

१९७२चा दुष्काळ. माणसं खडी फोडत होती, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढत होती. मी तेव्हा तान्हा. दादीनं स्वतःच माळ गळ्यातून काढली आणि सराफाकडे पाठवली. सराफानं दोरा कापला, कड्यांसकट दहा रुपये तराजूत टाकले आणि चांदीच्या भावानं पैसे दिले. ती चांदी पुढे आटवली गेली असणार. त्यातून घरात ज्वारी आली, आणि ती ज्वारी खाऊनच मी वाढलो. त्या सराफाला मी दोष देत नाही. तराजू तेवढंच मोजतो. पण अकरा रुपयांतला जो हरवला, तोच फक्त उरला, याचं मला राहून राहून नवल वाटतं. दादी मात्र हे बघायला नव्हती.

मागच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिनं दुसरं काही मागितलं नाही, हा रुपया मागितला. मी तो घेऊन शहरात सराफाकडे गेलो. त्यानं भिंगातून पाहिलं आणि चांगल्या मनानं म्हणाला, "कडी बदलून चांदीची लावून देतो, शोभून दिसेल." मी अम्मीला फोन लावला.

अम्मी म्हणाली, "कडी को हात नको लगाने दे."

तो रुपया काळ्या दोऱ्यात, तांब्याच्या कडीसकट, मुलीबरोबर सासरी गेला. दोरा तेवढा मी दुहेरी घातला आहे.