चांदमारीचा धडा



१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर, १९६३ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एन. सी. सी. सक्तीची झाली आणि मांडवीच्या पोळांतली आम्ही मुले शहराबाहेरच्या चांदमारीवर पोहोचलो. हाती आली सुमारे ४ किलो वजनाची ·३०३ ली-एन्फील्ड रायफल. दस्ता खांद्याशी सैल राहिला, तर दणका असा बसे की दोन दिवस हात उचलवत नसे. उस्ताद बजावीत, ‘श्वास रोखा, माशी निशाणाशी जुळवा, चाप हळूच ओढा.’

तो नेम पुढे गेला. परंतु शेवटची रिकामी पुंगळी मोजून परत केल्याखेरीज कोणासही मैदान सोडता येत नसे, ही शिस्त अंगी मुरली. शस्त्र उचलणाऱ्याने प्रत्येक गोळीचा हिशेब दिलाच पाहिजे, हाच त्या चांदमारीचा खरा धडा होय.