शोधनिबंध छापून झाल्यावर



आरोग्य आणि जीवशास्त्राच्या पदवीधरांसाठी उद्योजकतेच्या वाटा, असा विषय या पदवीदान समारंभासाठी मला पत्रातून कळवला होता. माझा मुक्काम सध्या फरीदाबादला असतो आणि या क्षेत्रात काही नवं करू पाहणाऱ्यांचे प्रस्ताव वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे. त्यामुळेच बहुधा हे आमंत्रण आलं असावं. उद्योजकतेवरची भाषणं हल्ली अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजपासून सुरू होतात. मी तान्ह्या बाळांच्या जुलाबांपासून सुरुवात करते.

१९८५-८६ च्या सुमाराची गोष्ट. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी नवजात बाळांच्या शीचे नमुने तपासत होते. काही बाळांच्या नमुन्यांत रोटाव्हायरस सापडला. लहान मुलांच्या जीवघेण्या जुलाबांमागे हा विषाणू मोठ्या प्रमाणावर असतो. पण या बाळांना जुलाब नव्हतेच. पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर दिसलं, की हा संसर्ग होऊन गेलेल्या मुलांना नंतरच्या गंभीर रोटाव्हायरस आजारापासून संरक्षण मिळतंय. निसर्गानेच जणू सौम्य लस दिली होती. त्या विषाणूच्या वाणाला ११६ई असं नाव मिळालं. आजारी नसलेल्या बाळाचे नमुने जपून ठेवायला आणि वर त्याच्या घरचा पत्ता सांभाळायला वेगळीच नजर लागते.

एवढं झाल्यावर शोधनिबंध छापता येतो, आणि तो छापला गेलाही. आपल्याकडची बहुतेक संशोधनं इथे येऊन विसावतात. हे तिथे थांबलं नाही. या वाणापासून लस बनवण्यासाठी सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतल्या संशोधन संस्था, पाथ ही स्वयंसेवी संस्था आणि हैदराबादची भारत बायोटेक असे सगळे एकेक करून जोडले गेले. बेंगळुरूत सापडलेला आणखी एक वाणही सुरुवातीला शर्यतीत होता, तो मागे पडला. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथली मिळून ६,७९९ बाळं होती. पुण्यातलं काम केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरने सांभाळलं. १४ मे २०१३ रोजी निकाल जाहीर झाला आणि २०१६ मध्ये ‘रोटाव्हॅक’ या लसीचे थेंब सरकारी लसीकरणात आले. सुरुवात आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांपासून झाली. एका डोसची किंमत एक डॉलरच्या आसपास ठेवायची, हे आधीच ठरलेलं होतं. बाळाच्या शीपासून सरकारी दवाखान्यातल्या थेंबापर्यंत तीस वर्षं गेली.

आणि लस किती परिणामकारक ठरली? गंभीर आजाराविरुद्ध पहिल्या वर्षात सुमारे ५६ टक्के. श्रीमंत देशांत रोटाव्हायरसच्या लसींचे आकडे याहून पुष्कळ वरचे येतात. गरीब वस्तीतल्या मुलांच्या आतड्यांत तोंडावाटे दिलेल्या लसी तेवढ्या चालत नाहीत, हा जगभरचा अनुभव आहे. पण जिथे दर वर्षी हजारो मुलं दगावत होती, तिथे निम्म्याहून अधिक गंभीर आजार टळणं ही केवढी गोष्ट आहे! तुमच्यातले जे ‘परिपूर्ण’ वस्तूची वाट पाहत बसणार असतील, त्यांच्यासाठी हा आकडा मुद्दाम सांगितला.

या तीस वर्षांत किती प्रकारच्या लोकांनी काम केलं ते जरा डोळ्यांसमोर आणा. झोपडपट्टीत घरोघरी जाऊन आईकडून आठवड्याची माहिती लिहून घेणाऱ्या बाया, विषाणू पेशींत वाढवण्याची पद्धत बसवणारे, लसीची शीतसाखळी सांभाळणारे, आकडे तपासणारे, परवानगीसाठी हजारो पानांची फाइल बांधणारे. यांतल्या फार थोड्यांच्या नावावर कंपनी होती. तरी यांच्याशिवाय कंपनी हा एक लेटरहेड उरला असता. मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे: आपल्या क्षेत्रात उद्योजकता म्हणजे शोधनिबंध छापून झाल्यावरही प्रश्न हातचा न सोडणं. मालकी तुमची असो वा दुसऱ्याची.

पुण्याच्या मायलॅबचं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. मार्च २०२० मध्ये भारतीय बनावटीचं पहिलं मान्यताप्राप्त कोविड चाचणी किट तिथे तयार झालं. त्या संशोधन चमूच्या प्रमुख होत्या विषाणुतज्ज्ञ मीनल दाखवे भोसले. त्या कंपनीच्या मालक नव्हत्या आणि त्यांचे बाळंतपणाचे दिवस भरत आले होते. सहा आठवड्यांत किट झालं, असं सगळ्यांनी कौतुकाने लिहिलं. एचआयव्ही आणि हेपटायटिसची किटं करून तो हात आधीच बसला होता, हे मात्र कमी जणांनी लिहिलं.

आता पैशांविषयी, कारण मागच्या रांगेतल्या पालकांना तोच प्रश्न पडला असणार. डॉ. भान २००४ ते २०१२ या काळात जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. प्रयोगशाळेतली कल्पना नेमकी कुठे अडकते, हे या माणसाने स्वतःच्या लसीवर अनुभवलं होतं. त्यांच्याच कारकिर्दीत २०१२ साली जैवतंत्रज्ञानातल्या नवउद्योगांना पैसा पुरवणारी ‘बायरॅक’ ही सरकारी संस्था उभी राहिली. फरीदाबाद-गुरुग्राम रस्त्यावरचा जैवविज्ञान समूहही याच काळातला. तिथे टीएचएसटीआय ही आरोग्य संशोधन संस्था, रीजनल सेंटर फॉर बायोटेक्नॉलॉजी आणि नवउद्योजकांसाठी इन्क्युबेटर शेजारी शेजारी आहेत. बायरॅकचं ‘बिग’ अनुदान १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत मिळतं, तेही कल्पना चालते का एवढं सिद्ध करण्यासाठी. घर गहाण ठेवावं लागत नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेटरही याच साखळीतलं आहे. माझी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. नमुना तयार होतो, मग रुग्णांवरच्या चाचण्यांची वेळ येते आणि तिथे हात आखडतात. खाजगी गुंतवणूकदाराला पाच-सात वर्षांत परतावा हवा असतो, विषाणूला त्याची घाई नसते. ही दरी दिल्लीतल्या धोरणकर्त्यांनीच भरायला हवी. तोवर ती आहे हे धरूनच बेत आखा.

प्रश्न शोधायचा कुठे? एम्स आणि आयआयटी दिल्लीने स्टॅनफर्डबरोबर बायोडिझाइन नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात डॉक्टर आणि इंजिनिअर यांना आधी वॉर्डांत नुसतं बघत राहायला लावत. उपाय सुचवायला बंदी. त्यातून बाहेर पडलेल्यांनी दिल्लीत कॉन्शुअर मेडिकल ही कंपनी काढली. अतिदक्षता विभागात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शी ताब्यात राहत नाही, त्वचा सोलवटते, जंतुसंसर्ग होतो आणि सगळं निस्तरतात नर्स आणि आया. परिषदांमध्ये ज्यावर कुणी निबंध वाचत नाही अशा या त्रासासाठी त्यांनी साधन बनवलं आणि त्याला अमेरिकेतही मान्यता मिळवली. नर्सिंगच्या पदवीधरांनो, असे प्रश्न तुम्हाला ढिगाने ठाऊक आहेत. तुम्हाला कुणी विचारत नाही, हा आमचा दोष. पण तुम्हीही ते लिहून ठेवत नाही.

साधन बनवायचं डोक्यात असेल तर एकदा दिल्लीच्या चांदणी चौकातल्या भागीरथ पॅलेसमध्ये जाऊन या. औषधं आणि सर्जिकल सामानाचा तो घाऊक बाजार आहे. तुमची वस्तू कितीला विकली तर दुकानदार ती गल्ल्याजवळ ठेवेल आणि कितीला विकली तर माळ्यावर टाकेल, हे तिथे अर्ध्या तासात कळतं.

मग कायदा. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. जोखमीनुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग केलेत. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्याकडे आणि पुढच्या दोन वर्गांचा दिल्लीतल्या केंद्रीय औषध नियंत्रकांकडे. हे ऐकून अनेकांचे चेहरे उतरतात. मला इथेच धंदा दिसतो. ही कागदपत्रं नीट तयार करून देणारी माणसं छोट्या कंपन्यांना मिळत नाहीत. बी.फार्म. किंवा एम.एस्सी. झालेल्या दोघीतिघींनी मिळून अशी सल्लागार संस्था काढली, तर भांडवल म्हणून दोन लॅपटॉप आणि पुष्कळ चिकाटी लागेल. पेटंट एजंटची परीक्षाही विज्ञान शाखेच्या पदवीधराला देता येते. ती उत्तीर्ण झालात की स्वतःचं कार्यालय थाटता येतं.

पॅथॉलॉजी लॅबचा विचार करणाऱ्यांना एक इशारा. दिल्लीत १९४९ साली मेजर एस. के. लाल यांनी काढलेल्या लॅबचा आज केवढा विस्तार झाला, ते डॉ. लाल पॅथलॅब्जच्या पाट्यांवरून दिसतंच. पण त्यामागे पात्र डॉक्टर होते. रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही लागते. ‘सही कुठूनतरी आणू’ असं म्हणून उघडलेल्या लॅब आपल्या तालुक्यांत कमी नाहीत. त्याला मी उद्योजकता म्हणणार नाही. ती रुग्णाची फसवणूक आहे.

शेवटी एक सल्ला, तुमच्या उत्साहाला थोडा न मानवणारा. उद्या सकाळी कंपनी काढू नका. दोन-तीन वर्षं नोकरी करा, आणि ती शक्यतो अशा जागी जिथे तुमची वस्तू नापास होताना दिसेल: गुणवत्ता विभाग, क्लिनिकल चाचणीचं केंद्र, रुग्णालयाचं खरेदी खातं. कर्जाचे हप्ते फिटतील आणि प्रश्नही सापडेल. पालकांनो, त्यानंतर मुलीने नोकरी सोडली तर ‘शिकून घरी बसली’ असं नातेवाइकांना सांगू नका, तिला दोन वर्षं द्या.

‘बिग’साठी अर्ज सहसा वर्षातून दोनदा मागवतात, १ जानेवारीपासून आणि १ जुलैपासून. वेळ आली की अर्ज जरूर करा. मात्र तो इंग्रजीत लिहिण्याआधी तुमचा प्रश्न एका पानावर मराठीत मांडा आणि जिल्हा रुग्णालयातल्या एखाद्या अनुभवी सिस्टरला वाचायला द्या. तिने ‘हा त्रास आम्हाला रोज होतो’ असं म्हटलं, तरच पुढचं पान लिहा.