यंत्राचे भाषांतर आणि कामगाराचा हक्क

(शिरोली औद्योगिक वसाहतीतील कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



शिरोलीच्या फाउंड्र्यांत आज मराठीबरोबर हिंदी, भोजपुरी आणि ओडिया कानावर पडते. भट्टीची धग सर्वांना सारखीच लागते. नियमांचा कागद मात्र सर्वांना सारखा वाचता येत नाही. ही विषमता पगारपत्रकात दिसत नाही, म्हणून आम्हां अर्थशास्त्राच्या लोकांचेही तिकडे दुर्लक्ष होते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचे बंधन घातले. त्या काळाच्या मानाने ही तरतूद पुरोगामीच होती. परंतु ‘बहुसंख्य’ या एका शब्दाने अल्पसंख्य भाषेचा कामगार फलकाबाहेर राहिला. दहा-वीस ओडिया मजुरांसाठी भाषांतरकार कोणी ठेवायचा, हा युक्तिवाद तेव्हा व्यवहार्य वाटे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. मधल्या काळात खर्चाचे गणितच पालटले.

असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेले ई-श्रम हे संकेतस्थळ आरंभी इंग्रजी, हिंदी, मराठी आणि कन्नड एवढ्याच भाषांत होते. ७ जानेवारी २०२५ रोजी केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पाच्या यंत्रानुवादाने ते बावीस भाषांत खुले झाले. तीस कोटींहून अधिक कामगारांची नोंद असलेल्या व्यवस्थेत हा बदल लहान नव्हे, आणि त्याचे आपण मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे. मात्र त्या बावीस भाषांत मैथिली आहे, भोजपुरी नाही; कारण ही यादी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीची आहे, कारखान्याच्या हजेरीपटाची नव्हे.

यंत्र हजारो वाक्यांच्या जोड्या पाहून भाषांतर शिकते. ज्या भाषेत अशा जोड्या थोड्या, तिथे त्याच्या चुका अधिक. ‘मोल्ड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ साचाही होतो आणि बुरशीही. ओतकाम करणारा अशा चुकीवर हसेल. पण वितळलेल्या धातूजवळच्या सुरक्षेची सूचना किंवा नुकसानभरपाईच्या अर्जाची मुदत चुकली, तर ते हसण्यावारी नेता येणार नाही. एक पान आणखी एका भाषेत करण्याचा खर्च आता जवळजवळ शून्यावर आला आहे; ते पान जाणत्या माणसाकडून तपासून घेण्याचा खर्च शून्य झालेला नाही. तो कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न आहे.

आज तो भार वाचणाऱ्यावर टाकला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची भाषांतरे प्रादेशिक भाषांत मिळतात. पण इंग्रजी पाठच अधिकृत, अशी टीप त्यांना जोडलेली असते. न्यायालयापुरती ही सावधगिरी समजू शकते. तीच टीप मालकाच्या किंवा सरकारी कार्यालयाच्या सूचनेखाली आली, तर भाषांतरावर विसंबणाऱ्या कामगाराचा हक्क गेला आणि चुकीची जबाबदारी कुणाचीच राहिली नाही, असे होईल.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. सुरक्षा, वेतन आणि भरपाई यांसंबंधीचे प्रत्येक यंत्रानुवादित पान त्या भाषेच्या जाणकाराने तपासलेले असावे, आणि त्याचा खर्च मालकाने व शासनाने उचलावा. भाषांतरावर विश्वास ठेवून वागलेल्या कामगाराचे नुकसान होता कामा नये. कामगाराने आपल्या भाषेत केलेली तक्रारही तितक्याच सहजतेने कार्यालयाच्या भाषेत पोचली पाहिजे. नाहीतर हा संवाद नव्हे, नुसती हुकूमाची दवंडी ठरेल. आणि ‘भाषादान’ उपक्रमातून सामान्य माणसांनी दिलेल्या आवाजावर व वाक्यांवर जे यंत्र पोसले जाते, ते सार्वजनिक मालकीचेच राहिले पाहिजे.

स्थानिक विरुद्ध परप्रांतीय हा वाद पेटला की पोळी कोणाची भाजते, हे शिरोलीच्या कामगाराला सांगायला नको. शेजारच्या ओडिया सोबत्याला त्याचा हक्क त्याच्या भाषेत वाचता आला, तर तो कमी मजुरीत राबवला जाणार नाही, आणि मराठी कामगाराची मजुरीही त्यामुळे खाली ओढली जाणार नाही. त्याच्या भाषेतील फलकाची मागणी मराठी कामगारांच्या संघटनेने प्रथम करावी, एवढीच माझी विनंती आहे.