समुद्रकाठचे घर आणि गावाकडचे छप्पर

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी मजवर जो विषय सोपविला, तो ऐकून प्रथम मला हसू आले. आपला नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, हा अवर्षणाचा प्रदेश. आपल्यापैकी अनेकांनी समुद्र प्रथम पाहिला तो शाळेच्या सहलीत किंवा एखाद्या नातलगाच्या लग्नानिमित्त मुंबईस गेल्यावर. अशा मंडळींपुढे समुद्रकाठच्या महागड्या घराची चर्चा कशासाठी? परंतु विचार करता हा प्रश्न आपल्या घराघरात शिरला आहे, असे माझ्या ध्यानात आले. आपल्या वधूवर परिचय मेळाव्यात मुलाचे शिक्षण, वेतन व स्वभाव यांच्याही आधी एकच पृच्छा होते, "मुलाचे मुंबईत स्वतःचे घर आहे काय?" या एका प्रश्नावर सोयरिकी जुळतात आणि मोडतात. सबब विषय आपलाच आहे.

मी अर्थशास्त्रज्ञ नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि शिक्षक-प्रशिक्षण एवढ्या शिदोरीवर मी सदतीस वर्षे खेड्यांतील मुलांना पाढे व व्याजाची गणिते शिकविली. तेवढ्याच अधिकाराने आज बोलणार आहे. शिवाय या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती सांगण्याचे धैर्य वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आले आहे.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मुंबईच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात कामाला होते. पारनेर, संगमनेर, अकोले या तालुक्यांतून त्या काळी हजारो माणसे गिरणीत, गोदीत, बाजारपेठेत पोट भरण्यासाठी गेली, त्यांतलेच ते एक. लालबागेत चाळीतली एक खोली त्यांच्या नावे होती. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले. वर्ष लोटले तरी तोड निघेना. 1983 साली दादांनी मला पत्र लिहून विचारले, "काय करावे?" घरात शिकलेला काय तो मीच. मी उलट टपाली लिहिले, "खोलीची पागडी येईल ती घ्या आणि गावी या." दादा आले. 25 हजार रुपये आले. त्यातून शिवणयंत्रे घेतली, आपला पिढीजात सुईदोऱ्याचा धंदा पुन्हा मांडला, आणि घर उपाशी राहिले नाही. मला माझ्या सल्ल्याचा अभिमान वाटत असे.

पुढे दादांचे दोन्ही मुलगे नोकरीसाठी मुंबईसच गेले. आज ते बदलापुरास भाड्याच्या घरात राहतात आणि रोजचे चार तास लोहमार्गावर घालवितात. ज्या चाळीतली खोली आम्ही सोडली, तिच्या जागी टोलेजंग इमारत उभी राहिली असून जुन्या भाडेकरूंना तीत मालकी हक्काची सदनिका मिळाली. दादांनी मला कधी बोल लावला नाही. वहिनी मात्र एकदाच म्हणाल्या, "भाऊजी, खोलीला कुलूप लावून आलो असतो तर?" याचे उत्तर मजपाशी तेव्हा नव्हते, आजही नाही.

मुंबईत घर इतके दुर्मिळ का, हेही पाहिले पाहिजे. मूळची ती सात बेटे. भर घालून ती जोडली, तरी तीन बाजूंनी पाणी ते पाणीच. आपल्या गावठाणाची वेस सरकविता येते, समुद्राची वेस सहसा सरकत नाही. त्यात 1947 च्या कायद्याने जुनी भाडी गोठविली गेली. भाडेकरूस संरक्षण मिळाले, पण घरे बांधून भाड्याने देण्यात मालकाला राम उरला नाही आणि पागडीची प्रथा फोफावली. जागा थोडी, मागणारे अपार, म्हणून किंमत आकाशास भिडली.

आता आजची गोष्ट. माझा मुलगा मुंबईत एका खाजगी कंपनीत आहे. पश्चिम उपनगरात 400 चौरस फुटांची सदनिका त्याने पाहिली आहे. किंमत 1 कोटी. बँक 75 लक्ष कर्ज देण्यास तयार आहे. उरलेल्या रकमेसाठी गावाकडचे माळवदाचे घर व त्याभोवतालची जागा विकावी, असे त्याच्या मनात आले. मी फळ्यावर मांडीत असे तसे गणित वहीत मांडले. ते आपणापुढे ठेवतो.

साडेआठ टक्के दर आणि 20 वर्षांची मुदत धरल्यास 75 लक्षांचा मासिक हप्ता सुमारे 65 हजार रुपये होतो. 20 वर्षांत बँकेस 1 कोटी 56 लक्ष भरावे लागतात. पदरचे 25 लक्ष, 6 टक्के मुद्रांकशुल्क आणि 30 हजार नोंदणी शुल्क मिळविले की बेरीज 1 कोटी 87 लक्षांवर जाते. उलटपक्षी अशाच घरास तो आज दरमहा 26 हजार भाडे देतो. भाडे दरसाल 5 टक्क्यांनी वाढत गेले असे मानले, तर 20 वर्षांचे भाडे 1 कोटी 3 लक्ष होते. म्हणजे घर घेणारा 84 लक्ष अधिक मोजतो, वर देखभाल व कर वेगळेच. मात्र विसाव्या वर्षी एकाच्या हाती घर असते आणि दुसऱ्याच्या हाती भाडेपावत्या. भाडेकरूने हा फरक दरमहा इमानाने शिल्लक टाकला, तर त्याच्याजवळही मोठी पुंजी जमेल. पण असा निग्रह किती जणांना साधतो, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे. शिवाय अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड हलविणे आणि मुलांची शाळा बदलणे, हा ताप कोणत्याच बेरजेत येत नाही. म्हणून ज्याला तेथेच नोकरी करावयाची व मुले वाढवावयाची आहेत, त्याला घर महाग पडले तरी ते व्यर्थ जात नाही, असे माझे मत झाले आहे.

परंतु पहिल्या हप्त्याच्या 65 हजारांपैकी 53 हजार व्याजात जातात आणि मुद्दल अवघे 12 हजारांनी फिटते, हेही त्याच गणितात आहे. चार-पाच वर्षांत नोकरी बदलून गाव सोडणाराने हे ओझे घेऊ नये. त्याने मुख्यतः बँकेचे व्याज भरलेले असते.

समुद्राचे म्हणाल, तर तोही हिशेब सांगतो. त्याच इमारतीत पश्चिमेकडील सदनिकेच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते, म्हणून तिची किंमत 15 लक्षांनी अधिक आहे. या 15 लक्षांचे कर्ज काढले तर दरमहा 13 हजार, म्हणजे 20 वर्षांत 31 लक्ष रुपये होतात. माझा मुलगा सकाळी सातला घर सोडतो आणि रात्री नऊला परततो. अंधारात समुद्र दिसत नाही. गिरगाव, दादर, जुहू येथील चौपाटीवर तोच समुद्र गरीब-श्रीमंतांना सारखाच आणि फुकट पाहावयास मिळतो.

आपल्यातील काही सधन बंधूंना हल्ली अलिबाग-मुरुडकडे सुट्टीचे घर बांधण्याची हौस वाटू लागली आहे. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाल्यापासून तो किनारा मुंबईला आणखी जवळ आला आहे. हौसेला मोल नाही हे खरे, पण समुद्र आपल्या शेजाऱ्याकडून दरसाल कर घेतो. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते, काँक्रीटमधील सळई फुगून गिलावा फुटतो, आणि बंद घराला हा रोग लवकर जडतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन भागात पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. तेथले मूळचे रहिवासी उतरत्या कौलांची घरे वाळूपासून मागे, वाडीच्या आडोशाला बांधीत आले, त्याचे कारण यातच आहे. भरतीरेषेजवळील बांधकामांवर 1991 पासून शासनाचे निर्बंध आहेत, आणि शेतजमीन बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून घेता येत नाही. ही चौकशी न करता विसार देणारा मनुष्य वाळूत पैसे पुरतो.

येथवर मी घेण्याचा विचार केला. सोडण्याचा विचार याहून कठीण आहे, आणि मी चुकलो तो तेथेच. 1983 साली दादांना गावी बोलाविणे बरोबर होते. खोली सोडावयास लावणे चूक होते, कारण जी वस्तू पुन्हा घेण्याची ऐपत येणार नाही, ती आम्ही तात्पुरत्या अडचणीसाठी दिली. आज मुलगा गावचे घर विकू म्हणतो, तेव्हा तीच चूक उलट दिशेने होऊ पाहते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी झाली, त्यानंतर मुंबईत अडकलेली आपली किती कुटुंबे गावी परतली, ते आपण डोळ्यांनी पाहिले. माझाही मुलगा, सूनबाई आणि नातवंडे आली. आधी चौदा दिवस पडवीत, मग माळवदाखाली, अशी ती पाच महिने राहिली. त्या पाच महिन्यांचे भाडे कोणत्या दराने आकारावयाचे? संपाच्या वेळी दादांना ज्याने आसरा दिला, तेच हे छप्पर. आणि गाव नेहमी असेच ओस राहील, असेही समजू नये. आपल्याच नगर तालुक्यातील हिवरे बाजारने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणी अडविले, आणि पोटासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. त्यांना परत येता आले, कारण परतण्यास जागा उरली होती.

तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सांगतो. ज्याचे पोट समुद्रकाठी भरते त्याने तेथे छप्पर जरूर करावे, ज्याला समुद्र केवळ पाहावयाचा आहे त्याने तो पाहून परत यावे. हप्ता घरातील मिळकतीच्या एकतृतीयांशावर जाऊ देऊ नये, आणि सहा महिन्यांचे हप्ते पुरतील एवढी शिल्लक आधी गाठीस बांधावी. सौदा करण्यापूर्वी महारेराची नोंदणी, चटईक्षेत्र व तयार इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र स्वतः पाहावे. जाहिरातीतील चित्रावर विसंबू नये. आणि एका छपरासाठी दुसरे, शेवटचे छप्पर मोडू नये. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांकशुल्कात 1 टक्का सवलत मिळते, म्हणजे 1 कोटीच्या घरावर 1 लक्ष. सुनेच्या नावे घर करण्यास आपला जीव कचरतो, तो या निमित्ताने तरी धीट व्हावा.

मुलींच्या मातापित्यांना हात जोडून एक विनंती. "मुलाचे मुंबईत घर आहे काय?" असे विचारता, तेव्हा "त्यावर कर्ज किती?" हेही विचारा. आपल्या कन्येस घराइतकाच तो हप्ताही नांदवावा लागतो. आणि भाड्याच्या घरातील निर्व्यसनी, कमावत्या मुलास केवळ तेवढ्यासाठी माघारी धाडू नका.

शेवटी माझ्या घरचे काय झाले ते सांगून रजा घेतो. या खेपेस मी पत्र लिहिले नाही, स्वतः मुंबईस गेलो. एकोणिसाव्या मजल्यावर दलालाने खिडकी उघडून समुद्राची पट्टी दाखविली. खोटे कशाला बोलू, दृश्य सुंदर होते, आणि क्षणभर माझेही गणित डळमळले. तेवढ्यात सूनबाईंनी विचारले, "येथे नळाला पाणी किती वाजता येते?" दलालाला ते ठाऊक नव्हते. आम्ही पूर्वेकडील सदनिका पाहिली. गावचे घर विकावयाचे नाही असे ठरले. माझ्या निवृत्तीच्या पुंजीतून मी 8 लक्ष देईन, बाकीची जुळवाजुळव त्यांची त्यांनी करावयाची. त्यासाठी दोन वर्षे थांबावे लागेल असे दिसते, आणि तोवर किंमत वाढेल ही मुलाची भीती रास्त आहे. कदाचित मी पुन्हा चुकत असेन. पण मागल्या चुकीत कुटुंबाचे एक दार कायमचे बंद झाले, तसे या वेळी होणार नाही, एवढे समाधान मला आहे.