एअरबॅगचा दिवा



१ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. तिचा दिवा, बसलेला माणूस व पुढे गोल अशा चित्राचा, गाडी सुरू करताच लागतो आणि काही सेकंदांत विझतो. न विझल्यास यंत्रणेत बिघाड आहे. अपघातात पिशवी फुगेलच असे नाही. गाडी मात्र नेहमीसारखी धावते, म्हणून दुर्लक्ष होते.

आमच्या गाडीत तो तसाच राहिला. “वर चिकटपट्टी लावा,” असे एकाने सुचविले. मी ते मानले नाही. जाणत्या कारागिराने यंत्र जोडून दोष वाचला. आसनाखाली पिशव्या कोंबल्याने तेथील पिवळा वायरजोड सैल झाला होता. कधी स्टिअरिंगमधील गुंडाळीची तारही तुटते. त्याने बॅटरी सोडविली, काही मिनिटे थांबून जोड बसविला, मग दोषाची नोंद पुसली. हे काम घरी करू नये. पिशवी अवचित फुटण्याचा धोका असतो.

पट्टा बांधणे तर हवेच. हिवरखेडहून अकोटला लेकरांसह निघण्यापूर्वी तो दिवा विझतो की नाही, एवढे प्रत्येकीने पाहावे, ही विनंती.