छावणीचे चलन



या शाळेला ज्यांनी आकार दिला, त्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, हा मी माझा बहुमान समजतो. मोहगाव हे अर्धनारीश्वराचे स्थान. भोसल्यांचे राज्य, मध्यप्रांत, १९५६ नंतरचा मध्यप्रदेश आणि २०२३ मध्ये झालेला पांढुर्णा जिल्हा, एवढी स्थित्यंतरे या परिसराने पाहिली. राज्य बदलले की नाणे बदलते, ही गोष्ट येथील जुन्या घरांना वेगळी सांगावयास नको. मी मात्र आज राज्याच्या नाण्याविषयी बोलणार नाही. सैन्याच्या छावणीत, युद्धकैद्यांच्या कुंपणात किंवा जिंकलेल्या मुलखात थोडे दिवस चाललेला जो पैसा, त्याच्या संग्रहाविषयी व संशोधनाविषयी मला बोलावयाचे आहे.

अशा पैशाला लष्करी चलन म्हणतात. त्यात नोटा येतात, कुपने येतात आणि पितळेचे वा तांब्याचे बिल्लेही येतात. नाणकशास्त्राच्या मोठ्या ग्रंथांत त्यांना बहुधा शेवटचे पान मिळते. माझ्या मते मात्र पैसा म्हणजे काय, हे जितके स्वच्छ या तुकड्यांत दिसते तितके सुवर्णमोहरांतही दिसत नाही. मोहरेला सोन्याची किंमत असते. छावणीच्या कुपनाला कागदाचीही किंमत नसते. त्याच्यामागे कोणी किती भरवसा दिला आणि तो कोठवर पाळला, एवढेच त्याचे मोल.

सैन्य आणि टांकसाळ यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. अकबराच्या काही नाण्यांवर टांकसाळीच्या जागी ‘उर्दू जफर करीन’ असे शब्द आढळतात. उर्दू म्हणजे छावणी, आणि जफर करीन म्हणजे विजयाची सोबतीण. बादशहाच्या फिरत्या छावणीबरोबर टांकसाळही फिरे, याचा हा धातूवरचा पुरावा. मराठ्यांच्या इतिहासातील उदाहरण अधिक करुण आहे. पानिपतापूर्वी, १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊ दिल्लीत असताना फौजेला द्यावयास पैसा उरला नव्हता. तेव्हा लाल किल्ल्यातील दिवाण-ई-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडण्यात आले. ही रक्कम सुमारे नऊ लाख रुपयांची होती, असे इतिहासकार सांगतात. एवढ्याने इतक्या मोठ्या फौजेचा खर्च फार दिवस चालणे शक्यच नव्हते. त्या रुपयांवर भाऊसाहेबांचे नाव नव्हते, फौजेची खूण नव्हती. मराठे त्या काळी बादशहाच्या नावानेच नाणे पाडीत. म्हणून आज तसा एखादा रुपया हाती आला, तरी तो छताच्या चांदीचा की सावकाराच्या चांदीचा, हे केवळ पाहून सांगता यावयाचे नाही. वस्तू एकटी कधीच बोलत नाही, तिच्याबरोबर कागद असावा लागतो, हा संशोधनाचा पहिला धडा येथेच मिळतो.

इंग्रजी अमलात पलटणी कायम छावण्यांत राहू लागल्या. नागपूरजवळची कामठी ही अशीच १८२१ मध्ये वसलेली छावणी. देशातील गोऱ्या पलटणींच्या कँटीनमध्ये धातूचे बिल्ले चालत. त्यांवर पलटणीचे नाव वा क्रमांक आणि किंमत किंवा मिळावयाच्या वस्तूचे माप असे. पलटण हलली की बिल्ला निरुपयोगी होई. म्हणून असा बिल्ला मिळाला, तर ती पलटण कोणत्या वर्षी कोणत्या छावणीत होती, हे लष्करी नोंदींतून शोधावे लागते. तारीख नसलेल्या बिल्ल्याला तारीख मिळते ती अशी.

आता युद्धकैद्यांच्या कुपनांकडे वळू, कारण या विषयाचे मर्म तेथे आहे आणि त्यातील महत्त्वाची ठिकाणे आपल्या महाराष्ट्रात व मध्यप्रदेशात आहेत. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातील जर्मन व्यापारी, मिशनरी इत्यादींना अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, स्थानबद्ध करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धातही जर्मन नागरिकांना प्रथम तेथेच आणले गेले. तेथून अनेकांची रवानगी नाशिकजवळच्या देवळालीस व पुढे डेहराडूनला झाली. १९४४ मध्ये डेहराडूनच्या छावणीतून निसटून तिबेटात पोचलेला गिर्यारोहक हाइन्रिख हारर हा याच वाटेने गेलेला होता. उत्तर आफ्रिकेत पकडलेले इटालियन सैनिक हजारोंच्या संख्येने बंगळूर, भोपाळ, डेहराडून, योल अशा ठिकाणी ठेवले गेले. भोपाळची छावणी बैरागडला होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला तो त्याच बराकींत.

या कैद्यांना खरे पैसे का देत नसत? कारण उघड आहे. हाती चलनी नोट असली, तर कुंपणाबाहेर पडलेला माणूस आगगाडीचे तिकीट काढू शकतो, पहारेकऱ्याला लाच देऊ शकतो. परंतु त्याच वेळी त्याला काहीच द्यावयाचे नाही, असेही चालत नव्हते. १९२९ च्या जिनिव्हा कराराच्या बाराव्या कलमाने प्रत्येक छावणीत कँटीन असावे, तेथे वस्तू स्थानिक बाजारभावाने मिळाव्यात आणि नफा कैद्यांच्याच उपयोगी पडावा, असे ठरविले होते. तेविसाव्या कलमाने कैदी अधिकाऱ्यांना वेतन मिळे, चोविसाव्या कलमाने जवळ बाळगावयाच्या रोख रकमेला मर्यादा घातली होती आणि वरची रक्कम त्याच्या खाती जमा व्हावयाची होती. पैसा द्यावयाचा, पण तो कुंपणाबाहेर चालता कामा नये, या दुहेरी गरजेतून छावणीचे कुपन जन्मास आले. त्यावर सामान्यतः छावणीचे नाव व आण्या-रुपयांतली किंमत असे.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. देवळालीच्या शेजारीच नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस. १९२८ पासून तेथे भारतीय नोटा छापल्या जाऊ लागल्या. ज्या नोटा साऱ्या देशात चालत त्या जेथे तयार होत, तेथून जवळच अशी वस्ती होती की जिच्या आत ती नोट बाळगण्यास मनाई आणि आतला कागद बाहेर कवडीमोल. दोन्ही ठिकाणी सरकार एकच होते. फरक होता तो हद्दीचा.

याच्या अगदी उलट प्रकार ब्रह्मदेशात घडला. १९४२ मध्ये जपानी फौजांनी तो देश घेतला आणि जपानी सरकारच्या नावाच्या रुपयांच्या नोटा काढल्या. त्यांवर बी हे अक्षर ब्रह्मदेशासाठी, मलायाच्या डॉलरांवर एम, फिलिपाइन्सच्या पेसोंवर पी. बहुतेकांवर अनुक्रमांक नाहीत, नुसती अक्षरे आहेत. ज्या नोटांना क्रमांकच नाही, त्या किती काढल्या याचा हिशेब कोण ठेवणार? भाव भडकले. १९४४ मध्ये शंभर रुपयांची नोट आली. १९४५ मध्ये ब्रिटिश परतले आणि त्यांनी हे चलन निरर्थक ठरविले. भात विकून ज्या शेतकऱ्याने या नोटा डब्यात साठविल्या, त्याच्या हाती छापील कागद उरला. इटालियन कैद्याचे कुपन दिसावयास अधिक साधे, पण त्यामागे खातेवही होती, करार होता. जपानी नोट देखणी, परंतु तिच्यामागे संगिनीखेरीज काही नव्हते. बंदिवानाचा पैसा टिकला आणि आपल्या शेतावर राहिलेल्या माणसाचा बुडाला, हा विचार करावयास लावणारा प्रकार आहे.

परतलेल्या ब्रिटिशांनीही लष्करी चलनच वापरले. राजाचे चित्र असलेल्या आपल्याच रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर ‘ब्रह्मदेशाचे लष्करी प्रशासन, केवळ ब्रह्मदेशात वैध’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर लाल शाईत छापण्यात आला. त्या एका ओळीने नोटेची हद्द आखली. अमेरिकेने १९४२ मध्ये हवाई बेटांसाठी असेच केले होते. बेटे शत्रूच्या हाती पडली, तर तेवढ्याच नोटा रद्द करता याव्यात, हा त्यातील हेतू.

या युद्धाची झळ मोहगावसारख्या गावांना लागलीच. १९४० मध्ये रुपयातील चांदी अकरा-बारांशावरून निम्म्यावर आली आणि एक रुपयाची नोट पुन्हा निघाली. सुट्या नाण्यांची टंचाई झाली. १९४३ पासून तांबे वाचविण्यासाठी मधोमध भोक पाडलेला पैसा आला. तो भोकाचा पैसा आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून असेल. ते लष्करी चलन नव्हे, परंतु त्याच्या भोकातून युद्ध दिसते, असे म्हणावयास हरकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, संग्रह करणाऱ्याने प्रत्येक वस्तूला पाच प्रश्न विचारावेत. ती कोणी काढली? कोणासाठी काढली? कोठे चालली? कधीपर्यंत चालली? आणि शेवटी तिचे काय झाले? पैसे चुकते करून ती परत घेतली, की तशीच रद्द केली? उत्तरे सोपी नसतात. रोमन अक्षरांत ‘देवली’ असे नाव आले, तर आपल्या भागातील माणसाला वर्धा जिल्ह्यातील देवळी आठवेल. घाईने वाचणारा त्यालाच देवळाली समजेल. परंतु राजस्थानातही त्याच नावाचे गाव आहे आणि स्थानबद्धांची छावणी तेथे होती. १९४१ मध्ये तेथील राजबंद्यांचे उपोषण गाजले, पुढे जपानी नागरिक तेथे ठेवले गेले आणि १९६२ नंतर चिनी वंशाचे भारतीयही. तीन गावे, जवळपास सारखी अक्षरे. नकाशा व कागदपत्रे पाहिल्यावाचून कुपनावर नाव चिकटविले, तर एका गावाचे दुःख दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते.

दुसरी सावधगिरी खोट्या वस्तूंविषयी. जेथे भावना दाटते तेथे नकली माल लवकर येतो. ५ एप्रिल १९४४ रोजी रंगून येथे आझाद हिंद बँक स्थापन झाली, हे ऐतिहासिक सत्य आहे. परंतु तिच्या नावाने आज विकावयास येणारी प्रत्येक नोट त्या काळची असते, असे मुळीच नाही. नेताजींवरील आपली श्रद्धा कागद तपासण्याच्या आड येऊ देऊ नये. तिसरी गोष्ट कायद्याची. जमिनीत सापडलेल्या धनाची वर्दी सरकारला देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. शेत नांगरताना हंडी लागली, तर ती परस्पर सराफाकडे नेऊ नये.

बाजारातील किंमत आणि इतिहासातील किंमत यांचा मेळ क्वचितच बसतो. बी अक्षराच्या जपानी नोटा सैनिकांनी आठवण म्हणून ढिगाने आणल्या, त्यामुळे त्या स्वस्त मिळतात. परंतु अशीच एक नोट एखाद्या शिपायाच्या पेटीत त्याच्या पेबुकासोबत आणि मायदेशी धाडलेल्या पत्रासोबत सापडली, तर ती अमोल ठरते. मग तिच्यात माणूस असतो. पेटी उघडल्यावर नोट एकाला, पत्र रद्दीवाल्याला आणि पदक सोनाराला गेले, की तो माणूस दुसऱ्यांदा मरतो. हे वाक्य कठोर वाटेल, परंतु संग्राहकांच्या दुनियेत हे रोज घडते.

म्हणून माझी एक विनंती आहे. या शाळेने अशा वस्तू गोळा कराव्यात असे मी म्हणत नाही. त्या ज्याच्या त्याच्या घरीच राहोत. शाळेने एक नोंदवही ठेवावी. ज्या घरातून कोणी पलटणीत गेले असेल, त्या घरी विद्यार्थ्यांनी जावे, आजोबा-आजींना आदराने विचारावे आणि लिहावे : वस्तू कोणती, कोणी आणली, कोठून, कोणत्या साली, सांगणाऱ्याचे नाव काय, ऐकणाऱ्याचे काय. ऐकीव असेल ते ऐकीव म्हणून लिहावे. नाणी घासून चकचकीत करू नयेत, फाटलेल्या नोटेला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद करू नये. एवढे केले, तर नाशिकजवळ अंजनेरी येथे उभ्या राहिलेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेसारख्या ठिकाणच्या अभ्यासकालाही येथील वही उपयोगी पडेल. माजी विद्यार्थ्यांनी या कामात वेळ द्यावा. देणगीपेक्षा त्याची गरज अधिक आहे.

छावणीचा पैसा थोडे दिवस चालतो, थोड्या जागेत चालतो आणि मग थांबतो. तो थांबल्यावर त्यामागचा शब्द कोणी पाळला आणि कोणी मोडला, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. शिक्षकाचा शब्द विद्यार्थ्याच्या हाती असाच दिलेला असतो. तो गावाच्या वेशीपलीकडेही चालावा, यासाठीच आपले गुरुवर्य आयुष्यभर खपले. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.