सध्या काय वाचता?



देवघेवीच्या खिडकीशी दोन वाचक भेटले, की "सध्या काय वाचता?" हा प्रश्न ठरलेला. मराठी कादंबरीविषयीची ही उत्सुकता जुनी आहे. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा यमूचे पुढे काय होणार, हे जाणण्यासाठी वाचकांना पुढील अंकाची वाट पाहावी लागे.

आज कोणी 'धग' (१९६०) मधील कौतिकच्या कष्टांविषयी सांगतो. कोणी 'झाडाझडती' (१९९१) वाचून धरणग्रस्तांच्या हालांनी अस्वस्थ झालेला असतो. 'रणांगण' (१९३९) बहुतांशी एका बोटीवर घडते. तरी चक्रधर आणि हेर्टा यांच्याविषयीचा वाद खिडकी बंद होईपर्यंत मिटत नाही.

महाराष्ट्राबाहेर या बोलण्याचे मोल अधिक. येथील पुष्कळ मुलांचे शिक्षण अन्य भाषेत होते. ही नावे त्यांच्या कानी पडतच नाहीत. सूचिपत्रातून ग्रंथ सापडतो खरा, परंतु त्यासाठी आधी नाव ठाऊक असावे लागते. म्हणून पुस्तक परत करताना प्रत्येक सभासदाने त्यातील एखादा प्रसंग शेजारी उभ्या असलेल्या तरुणाला अवश्य सांगावा. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाचे वाचक तेथूनच मिळावयाचे आहेत.